अली नायफे : संशोधक म्हणून मोठे की पुस्तकं लिहिणारे म्हणून?

लंबक

नॉनलिनिअर डायनॅमिक्स म्हटलं की लोकांना लगेच लॉरेंझ आणि त्याचं फुलपाखरू आठवतं. केऑसवर तर काय, रविवारच्या पुरवणीतही लेख येऊन गेलेत. पण ज्याला प्रत्यक्ष पातं, जहाज, क्रेन नाहीतर पंखाच्या आकाराची काहीतरी थरथरणारी वस्तू डिझाइन करायची असते त्याच्या टेबलावर ज्या माणसाची पुस्तकं असतात त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून हा धागा.

अली हसन नायफे. जन्म २१ डिसेंबर १९३३, पॅलेस्टाइनमधल्या तुलकर्मजवळचं शुवैका हे गाव. आईवडील दोघंही निरक्षर. शाळा संपल्यावर काही वर्षं जॉर्डनमध्ये शाळामास्तरकी केली, मग शिष्यवृत्ती मिळवून अमेरिका. आणि तिथे पठ्ठ्याने स्टॅनफर्डमधून १९६२ ला बीएस, १९६३ ला एमएस, १९६४ ला पीएचडी. टाइपो नाही, लागोपाठ तीन वर्षं. गाइड होते मिल्टन व्हॅन डाइक, द्रवगतिकीतलं मोठं नाव. पुढे कॅलिफोर्नियात कंपन्यांमध्ये नोकरी, १९७१ ला व्हर्जिनिया टेक, आणि मग बहुतेक कारकीर्द तिथेच. २७ मार्च २०१७ ला अम्मानमध्ये वारले.

आता माझं मत, जे काही लोकांना झोंबेल. ज्या 'मेथड ऑफ मल्टिपल स्केल्स'शी त्यांचं नाव जोडलं जातं ती त्यांनी एकट्याने शोधलेली नाही. स्टरॉकचा पेपर १९५७ चा, कोल आणि केव्होर्कियनचा १९६३ चा. नायफेंनी ती वाढवली, घासूनपुसून इंजिनिअरच्या हातात दिली. म्हणजे त्यांचं खरं काम पुस्तकांचं, १९७३ चं 'पर्टर्बेशन मेथड्स' आणि १९७९ चं डीन मूक यांच्यासोबतचं 'नॉनलिनिअर ऑसिलेशन्स'. संशोधक म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवावं का? मला वाटतं दुसऱ्या. बोला.

नटबोल्ट

पहिला!

वाचून सविस्तर लिहितो.

तिरपागडा

तीन वर्षांत बीएस ते पीएचडी. आम्ही तेवढ्या वेळात एका विषयाच्या बॅकलॉगशी झुंजत होतो. दंडवत.

मधुमालती

लंबक, लेख आवडला पण माझ्यासारख्या कॉमर्सवाल्यांना ही पद्धत म्हणजे नक्की काय ते कुणी सांगेल का? आणि लिनिअर नॉनलिनिअर म्हणजे काय हे आधी.

अवनी_र

मधुमालती, प्रयत्न करते.

लिनिअर म्हणजे दुप्पट ढकललं की दुप्पट हलतं आणि हलण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला किती फेऱ्या ते, किती जोरात हलतंय यावर अवलंबून नसतं. शाळेत लंबकाचं सूत्र शिकवतात ते असंच. पण ते लहान कोनापुरतंच खरं आहे. २० अंशांपर्यंत नेऊन सोडलात तर आंदोलनकाळ साधारण ०.७७ टक्क्यांनी वाढतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ९० अंशांवरून सोडलात तर तब्बल १८ टक्के वाढतो. म्हणजे झोका किती मोठा यावर काळ बदलायला लागला. इथे नॉनलिनिअर सुरू झालं.

आता गंमत अशी की या समीकरणांची बहुतेक वेळा नेमकी उत्तरं काढताच येत नाहीत. मग काय करायचं, तर सोप्या लिनिअर उत्तरापासून सुरुवात करायची आणि त्यात थोडी थोडी दुरुस्ती मिळवत जायची. याला पर्टर्बेशन म्हणतात. दुरुस्तीच्या आकाराला एप्सिलॉन नाव देतात आणि तो लहान धरतात. पण सरळसोट पद्धतीने गेलं की पहिल्याच दुरुस्तीत एक विचित्र पद येतं, वेळ गुणिले साइन. वेळ वाढत गेला की ते पद अनंताकडे चाललं. म्हणजे तुमचं गणित सांगतं की लंबक हळूहळू छताला जाऊन धडकणार, जे उघडच खोटं आहे. याला सेक्युलर टर्म म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ग्रहांची गणितं करणारे याच पदाने हैराण झाले होते, लिंडस्टेट आणि प्वांकारे यांनी त्यावर तोड काढली, पण ती मुख्यतः ठरावीक काळाने तंतोतंत परत येणाऱ्या गतीसाठी.

मल्टिपल स्केल्समध्ये युक्ती अशी की वेळ एक नाही, अनेक आहेत असं मानायचं. एक नेहमीचा वेळ ज्यात वस्तू थरथरते. दुसरा संथ वेळ, एप्सिलॉन गुणिले वेळ, ज्यात थरथरण्याचा आकार हळूहळू बदलतो. दोघांना स्वतंत्र धरायचं. आणि मग तो आकार संथपणे कसा बदलला तर ते दुष्ट पद नाहीसं होईल, असा उलटा प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर म्हणजेच तुम्हाला हवं असलेलं समीकरण. ज्या गोष्टीने गणित बिघडत होतं तिलाच कामाला लावलं.

लंबक, माझं मत नंतर लिहिते, हात दुखले.

मधुमालती

अवनी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला आणि समजला! धन्यवाद गं.

शून्यप्रहर

अवनीताईंच्या प्रतिसादाला पुरवणी. लंबकासाठी पर्टर्बेशनची पहिलीच दुरुस्ती घेतली, कोनाचा वर्ग भागिले १६, कोन रेडियनमध्ये, तर २० अंशांना ०.७६ टक्के येतात. खरं उत्तर ०.७७. आणि ९० अंशांना, जिथे 'लहान' म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, तिथे १५.४ टक्के येतात, खरं १८. फक्त एका पदात! माझा या पद्धतीवर विश्वास बसला तो याच हिशोबाने.

बिनतारी

एक तांत्रिक शंका. नायफेंना सगळीकडे मेकॅनिकल इंजिनिअर म्हणतात पण स्टॅनफर्डची पीएचडी एरोनॉटिक्सची आणि व्हर्जिनिया टेकमधला विभाग इंजिनिअरिंग सायन्स अँड मेकॅनिक्स. मग मेकॅनिकल कसे?

तिरपागडा

बिनतारी, तुम्ही लग्नपत्रिकेतही ऱ्हस्व-दीर्घ तपासत असाल.

शून्यप्रहर

२०१४ चं बेंजामिन फ्रँकलिन पदक त्यांना मेकॅनिकल इंजिनिअरिंग या शाखेतच मिळालं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला चालतं तर आपल्याला चालायला हरकत नसावी. त्याआधी एएसएमई या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचे डेन हार्टोग आणि ल्यापुनोव्ह पुरस्कारही मिळाले होते.

सागरझेप

लंबकराव, दुसरी रांग वगैरे ठीक आहे पण तुम्ही सॅच्युरेशनचा उल्लेखच केला नाहीत? मी जहाजावर इंजिनिअर होतो, त्यामुळे मला नायफे माहीत आहेत ते पुस्तकामुळे नाही, जहाजामुळे.

जहाज पुढेमागे डुलतं त्याला पिच म्हणतात, डावीउजवीकडे कलतं त्याला रोल. पिच कितीही झालं तरी पोट ढवळतं एवढंच, जहाज उलटतं ते रोलने. विल्यम फ्रूडने १८६३ मध्येच नोंदवलं होतं की ज्या जहाजाची पिचची नैसर्गिक वारंवारता रोलच्या दुप्पट असते ते समुद्रात वाईट वागतं. वाईट वागतं हे कळलं, का वागतं हे शंभर वर्षं नीट कळलं नाही.

१९७३ मध्ये नायफे, मूक आणि मार्शल या तिघांनी पिच आणि रोल एकमेकांत गुंतलेले धरून ती समीकरणं सोडवली. उत्तर असं आलं की लाटा समोरून येतायत, म्हणजे ढकलणं फक्त पिचला आहे, तर लाटा वाढतील तसं आधी पिच वाढतं, रोल शून्य. सगळं अपेक्षेप्रमाणे. मग एक मर्यादा येते. त्यानंतर लाट कितीही मोठी करा, पिच जिथल्या तिथे अडकून राहतं, वाढतच नाही. वरची सगळी ऊर्जा जाते रोलमध्ये, ज्याला कुणी हातही लावलेला नाही! याला सॅच्युरेशन म्हणतात.

लिनिअर गणितात असलं काही येणं शक्यच नाही. तिथे ज्याला ढकलाल तोच हलतो. आता ही नवीन घटना कुणी शोधली ते सांगा आणि मग रांगा लावा.

नटबोल्ट

सागरझेप, जबरी! म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर उभा असलेला माणूस पिच वाढत नाहीये बघून खूश आणि तिकडे रोल चढतोय.

सागरझेप

नेमकं तेच. आणि हे नुसतं कागदावरचं समजू नका. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'एपीएल चायना' नावाचं कंटेनर जहाज उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात सापडलं. लाटा समोरून असताना रोल ३५ ते ४० अंशांपर्यंत गेला. डेकवरच्या साधारण तेराशे कंटेनरपैकी चारशेच्या आसपास समुद्रात गेले आणि जवळपास तेवढेच मोडले. मी स्वतः इतकं भयानक कधी पाहिलं नाही पण एकदा समोरच्या लाटांत अचानक रोल सुरू झाला होता तेव्हा इंजिनरूममध्ये जे जे बांधलेलं नव्हतं ते सगळं माझ्या दिशेने आलं. कॅप्टनने वेग आणि दिशा बदलली आणि दहा मिनिटांत शांत. तेव्हा फक्त देव आठवला, गणित नंतर.

अवनी_र

सागरझेप, एक भेद करते, रागावू नका. एपीएल चायनाचं प्रकरण पॅरामेट्रिक रोल म्हणून ओळखलं जातं, ते सॅच्युरेशनच्या सख्ख्या भावासारखं आहे पण तेच नाही. त्यात लाट जहाजाखालून सरकताना पाण्याच्या रेषेवरचं जहाजाचं क्षेत्रफळ बदलत राहतं, त्यामुळे जहाजाची सरळ होण्याची ताकदच कमीजास्त होते. ही कमीजास्त रोलच्या दुप्पट वेगाने झाली की रोल फोफावतो. झोपाळ्यावर उभं राहून एका झोक्यात दोनदा उठाबशा काढल्या की कुणी न ढकलता झोका चढतो, तसं. सॅच्युरेशनमध्ये पिच ही स्वतंत्र हालचाल आहे आणि दोन्हींमध्ये ऊर्जेची देवाणघेवाण होते. दोन्हीत दोनास एक हे प्रमाण आहे म्हणून गल्लत होते. 'नॉनलिनिअर ऑसिलेशन्स'मध्ये पॅरामेट्रिक प्रकारावर वेगळं अख्खं प्रकरणच आहे.

सागरझेप

बरोबर. आमच्यासाठी दोन्हीवर उपाय एकच, वेग नाहीतर दिशा बदल. :)

नटबोल्ट

आता सविस्तर.

माझा अनुभव शेकरवरचा, म्हणजे वस्तू हव्या त्या वारंवारतेने हलवून बघायचं यंत्र. एक पातळ पट्टीचा भाग होता, त्याची कंपन चाचणी. वारंवारता खालून वर नेत गेलो तर प्रतिसाद वाढत वाढत गेला आणि एका जागी धाडकन खाली पडला. मग वरून खाली आणलं तर तिथे काहीच नाही, बऱ्याच खाली आल्यावर धाडकन वर उडी. दोन्ही आलेख एकमेकांवर बसेचनात. साहेब म्हणाले सेन्सर खराब आहे, बदला. बदलला. तेच. म्हणाले फिक्श्चर सैल आहे. आवळलं. तेच. मग म्हणाले तू खराब आहेस. (हे प्रत्यक्ष नाही म्हणाले, पण चेहऱ्यावर होतं.)

शेवटी एका सीनिअर बाईंनी ते नायफे-मूकचं सातशेच्या वर पानांचं जाडजूड पुस्तक आणून समोर ठेवलं आणि एक आकृती दाखवली, डोंगराचं शिखर एका बाजूला वाकलेलं. हुबेहूब माझा आलेख. वाकलेल्या भागात एकाच वारंवारतेला तीन उत्तरं, दोन स्थिर आणि मधलं अस्थिर, त्यामुळे जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या. सेन्सर ठणठणीत होता.

साहेबांनी रिपोर्टमध्ये काय लिहिलं ते विचारू नका.

बिनतारी

नटबोल्ट, त्या उडीचं श्रेय मात्र नायफेंना देऊ नका. ते डफिंगचं. जॉर्ज डफिंग, जर्मन इंजिनिअर, १९१८ मध्ये या विषयावर पुस्तक काढलं. त्याच्या नावाचं समीकरण आजही प्रत्येक नॉनलिनिअरवाल्याचं पहिलं समीकरण आहे. नायफे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. म्हणजे लंबक म्हणतायत तेच खरं, नायफेंनी इतरांचं छान मांडलं.

नटबोल्ट

श्रेय कुठे दिलं मी, पुस्तकाने वाचवलं एवढंच म्हणालो. डफिंगचं पुस्तक जर्मनमध्ये आहे, ते माझ्या सीनिअरच्या कपाटात नव्हतं. हाच तर मुद्दा आहे ना.

तिरपागडा

अमेरिकेतला तो वाऱ्यात डुलून पडलेला टॅकोमाचा पूल अजून कसा आला नाही धाग्यात?

शून्यप्रहर

तुम्ही आणलात ना. आता झेला. ७ नोव्हेंबर १९४० ला तो पूल पडला तो वाऱ्याचा ठोका पुलाच्या वारंवारतेशी जुळला म्हणून नाही. पूल स्वतःच्या पिळण्यामुळेच वाऱ्यातून ऊर्जा ओढत होता. पाठ्यपुस्तकं अजून साधं रेझोनन्स म्हणून छापतात. हे अवांतर इथेच थांबवतो नाहीतर तीनशे प्रतिसाद यावरच होतील.

कोरीपाटी

नमस्कार, मी नवीन सदस्य. विद्यार्थी आहे. आमचे सर म्हणतात आता कॉम्प्युटरवर समीकरण टाकलं की उत्तर येतं, या जुन्या हाताने करायच्या पद्धती कशाला शिकायच्या? खरं आहे का?

अवनी_र

कोरीपाटी, स्वागत. नटबोल्टांची पट्टी बघ. कॉम्प्युटरला एक सुरुवात दिलीस तर तो एक उत्तर देईल. दुसरं स्थिर उत्तर आहे हे तुला कळणारच नाही, कारण तू विचारलंच नाहीस. आणि मधलं अस्थिर उत्तर तर साध्या सिम्युलेशनमध्ये कधीच दिसणार नाही. हाताने काढलेलं सूत्र मात्र एका ओळीत अख्खा वाकलेला डोंगर देतं, शिवाय डॅम्पिंग, म्हणजे कंपन शमवणारा विरोध, वाढवलं तर काय, बळ अर्धं केलं तर काय, सगळं त्याच ओळीत.

शून्यप्रहर

हे अर्धंच आहे अवनीताई. कंटिन्युएशनची सॉफ्टवेअरं आहेत, ती अस्थिर फांदीसुद्धा धरून पुढे चालत जातात आणि एप्सिलॉन लहान असायची अटही नाही. मी रोज तीच वापरतो. सूत्र हवं ते समजण्यासाठी, आकडा हवा तर मशीन. नायफेंनाही हे वावडं नव्हतं, बालाचंद्रन यांच्यासोबतच्या १९९५ च्या 'अप्लाइड नॉनलिनिअर डायनॅमिक्स'च्या उपशीर्षकातच विश्लेषण, संगणन आणि प्रयोग तिन्ही आहेत. त्यामुळे कोरीपाटी, सरांशी भांडू नकोस पण दोन्ही शीक.

मधुमालती

मला त्यांच्या आयुष्याचं अजून वाचायला आवडेल. निरक्षर घरातून इतकं लांब. परत कधी गेले का?

लंबक

मधुमालती, हो. १९८० ते ८४ या काळात जॉर्डनच्या इरबिदमध्ये यारमूक विद्यापीठात त्यांनी इंजिनिअरिंगचं कॉलेज उभं केलं. म्हणजे अमेरिकेत 'युनिव्हर्सिटी डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर' हे पद १९७६ लाच मिळालं होतं, आरामात बसता आलं असतं, तर हे गृहस्थ तिकडे विभाग जमवायला गेले. त्यांचा भाऊ मुनीर नायफे इलिनॉयमध्ये भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. शिवाय 'नॉनलिनिअर डायनॅमिक्स' हे जर्नल १९९० ला आणि 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल' १९९५ ला, दोन्हींचे संस्थापक संपादक तेच. पीएचडीचे विद्यार्थी साठाच्या वर.

बघा, मी विरोधात नाहीच. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं संस्था उभारणाऱ्याचं काम आहे.

क्रेनवाला

उशिरा आलोय. बंदरात काम केलंय म्हणून लिहितो. कंटेनर क्रेनला दोरावर लटकलेला बोजा म्हणजे लंबकच, ट्रॉली थांबली तरी बोजा हेलकावत राहतो आणि तो थांबेपर्यंत सगळे बघत बसतात. अनुभवी ऑपरेटर हाताने मागेपुढे करून मारतो तो झोका, नवा ऑपरेटर वाढवून ठेवतो. नायफे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर कंट्रोलर केला होता. बोजा थोड्या वेळापूर्वी कुठे होता ते मोजायचं आणि तेवढ्या विलंबाने ट्रॉलीला हलकी दुरुस्ती द्यायची. मुद्दाम केलेला उशीर वापरून झोका मारायचा. जहाजावर बसवलेल्या क्रेनसाठीही केलं, तिथे तर जहाज स्वतःच हलत असतं. हे काही पुस्तक लिहिणाऱ्याचं काम नव्हे राव.

सागरझेप

+१. आणि सॅच्युरेशनचाही उलटा उपयोग झाला बरं का. जी गोष्ट जहाजाला मारते तीच कंपन मारायला वापरली. थरथरणाऱ्या तुळईला अर्ध्या वारंवारतेचं एक इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडायचं. तुळई एका मर्यादेपर्यंत हलते, पुढची सगळी ऊर्जा सर्किटमध्ये जाते. नायफेंच्याच गटाने नव्वदच्या दशकात पिझो, म्हणजे विजेने आकार बदलणाऱ्या पट्ट्या, वापरून करून दाखवलं.

अवनी_र

लंबक, आता माझं मत. तारखा बघ. 'पर्टर्बेशन मेथड्स' १९७३. जहाजांच्या सॅच्युरेशनचा पेपर, तोही १९७३. काटकोनात जोडलेल्या तुळयांवरचे प्रयोग पुढे झाले, आधी उत्तर आलं ते मल्टिपल स्केल्सच्या कागदावरून. त्या संथ वेळाच्या समीकरणात बघितलं तर पिचचा आकार ठरवणाऱ्या ओळीतून लाटेचं बळच गायब होतं. तिथे नजर गेली पाहिजे. आणि ती नजर त्याच माणसाची जाते ज्याने त्याच वर्षी त्या पद्धतीवर पुस्तक लिहून काढलंय, प्रत्येक पद कुठून येतं ते ज्याला पाठ आहे. तू दोन खुर्च्या वेगळ्या ठेवून विचारतोयस की ते कुठल्या खुर्चीत बसतात.

लंबक

मुद्दा आहे. तरी मी पद्धतीच्या श्रेयाबद्दल जे म्हटलं त्यावर ठाम आहे. सॅच्युरेशनसाठी एक रांग पुढे सरकवतो.

बिनतारी

दीड रांग. मी अजून दुसरीतच.

तिरपागडा

बिनतारी सॅच्युरेट झालेत, आता कितीही लाटा आल्या तरी हलणार नाहीत. बाकीच्यांनी जपून, ऊर्जा तुमच्याकडे येतेय.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू? सातशे पानांचं नको प्लीज.

अवनी_र

१९८१ चं 'इंट्रोडक्शन टू पर्टर्बेशन टेक्निक्स' घे. ७३ च्या पुस्तकापेक्षा खूप सौम्य आहे, प्रत्येक उदाहरणात मधल्या पायऱ्या लिहिलेल्या आहेत. आधी साधी बीजगणिती समीकरणं एप्सिलॉन घेऊन सोडवायला लावतात, ती वगळू नकोस, सोपी वाटतात म्हणून सगळे वगळतात. मग डफिंग. डफिंग एकदा सरळसोट पद्धतीने कर, ते वेळ गुणिले साइन स्वतःच्या हाताने येऊ दे, आणि मगच मल्टिपल स्केल्सचं प्रकरण उघड. अडलास की इथेच विचार.

नटबोल्ट

आणि शेकर मिळाला तर दोन्ही बाजूंनी स्वीप कर. साहेब नसताना.